नदीतील गोगलगायी आणि गोठ्यातील जनावरे

‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण वरून गरीब दिसणाऱ्या, परंतु आतून निराळ्या असणाऱ्या माणसास उद्देशून वापरली जाते. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ही म्हण अक्षरशः खरी आहे. गोगलगाय ज्या मांसल तळव्यावर सरकते तो तिच्या पोटाखालीच असतो, आणि म्हणूनच या प्राण्यांच्या वर्गास ‘उदरपाद’ असे नाव मिळाले. पशुपालकाच्या दृष्टीने मात्र ही म्हण आणखी एका अर्थाने खरी ठरते. नदीकाठच्या उथळ पाण्यात संथपणे शेवाळ खरवडणारी एक क्षुल्लक गोगलगाय आपल्या पोटात अशा कृमींची पिलावळ वाढवीत असते की, तिच्यामुळे गोठ्यातील दुभते जनावर हळूहळू खंगत जावे.

फाल्गुन-चैत्राच्या सुमारास अनेक गावांत एक तक्रार ऐकू येते. कडबा पुरेसा आहे, पेंडही चालू आहे, तरी गाय अंगी लागत नाही. दूध आटते, केस राठ होतात, डोळ्यांच्या आतील लाली जाऊन फिकटपणा येतो, शेण पातळ पडते आणि काही दिवसांनी जबड्याखाली पाण्याची सूज दिसू लागते. पशुपालक खुराक बदलतो, क्वचित दृष्ट काढतो, शेवटी जनावर मिळेल त्या किमतीस बाजारात नेतो. अशा दुखण्याचे कारण पुष्कळदा गोठ्यात नसून जनावर जेथे पाणी पिते व ज्या ओल्या काठावर चरते तेथे असते. यास्तव नदीत कोणत्या गोगलगायी राहतात, त्या कोठे व केव्हा वाढतात, आणि त्यांचा समुदाय कशाने बदलतो, हे ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

झाकणाच्या व बिनझाकणाच्या

गोड्या पाण्यातील गोगलगायींच्या जाती पुष्कळ आहेत व त्यांची शास्त्रीय ओळख हे तज्ज्ञाचे काम आहे. तथापि शेतकऱ्यास उपयोगी पडेल अशी एक सोपी विभागणी आहे. पाण्यातून गोगलगाय उचलताच ती अंग आत ओढून घेते. त्या वेळी शंखाचे तोंड एखाद्या कठीण झाकणाने बंद झाले, तर ती पहिल्या वर्गातील होय. तोंड उघडेच राहिले व आत नुसते मऊ अंग दिसले, तर ती दुसऱ्या वर्गातील होय.

झाकणाच्या गोगलगायी सामान्यतः कल्ल्यांनी श्वास घेतात. पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर त्यांचे जीवन अवलंबून असते. आपल्या नद्यांत या वर्गातील तीन प्रकार सहज ओळखता येतात. पहिली बेलामिया. हिचा शंख भोवऱ्यासारखा, हिरवट तपकिरी व पुष्कळदा पट्टेरी असतो. ही अंडी न घालता पिलांना जन्म देते. दुसरी मेलानॉइडिस. हिचा शंख लांबट व टोकाकडे निमुळता होत गेलेला असून ही वाळूत व गाळात अर्धवट पुरून राहते. हिच्यात नरावाचून मादीच पिले देते, त्यामुळे एकीपासूनही मोठी वस्ती होऊ शकते. तिसरी पिला. ही सर्वांत मोठी, लिंबाएवढी किंवा त्याहून थोर होते. हिला कल्ला व फुफ्फुस दोन्ही असतात. उन्हाळ्यात तळे आटले की ही झाकण घट्ट मिटून चिखलात पडून राहते आणि पावसाच्या पाण्याबरोबर पुन्हा हिंडू लागते.

बिनझाकणाच्या गोगलगायी फुफ्फुसासारख्या पोकळीने हवेतील प्राणवायू घेतात व त्यासाठी वरचेवर पृष्ठभागावर येतात. पाणी साचलेले, कुजके व प्राणवायूने हीन झाले तरी त्यांचे फारसे बिघडत नाही. यांतील लिम्निया हिचा शंख पातळ, जवळजवळ पारदर्शक आणि मोठ्या तोंडाचा असतो. तिची शिंगे चपटी, त्रिकोणी असतात. इंडोप्लॅनॉर्बिस हिचा शंख चकलीप्रमाणे एकाच पातळीत वेटोळा झालेला असतो व शिंगे दोऱ्यासारखी बारीक असतात. हिच्या रक्तात माणसाच्या रक्ताप्रमाणेच तांबडे द्रव्य असल्यामुळे अत्यल्प प्राणवायूवरही ती तग धरते. या वर्गातील प्रत्येक गोगलगाय एकाच वेळी नर व मादी असते. पाण्यातील पाने, काड्या व दगड यांस चिकटलेले पारदर्शक, चिकट अंडपुंज दिसले, तर ते बहुधा या वर्गाचे समजावेत.

शहरांखालच्या घाणेरड्या पात्रांत अलीकडे फायसा नावाची एक परकी बिनझाकणाची गोगलगायही आढळते. ती मूळची उत्तर अमेरिकेची. शंखाचे टोक वर व तोंड आपल्याकडे करून धरल्यास लिम्नियाचे तोंड उजवीकडे येते, तर फायसाचे डावीकडे. एवढ्या एका खुणेने दोहोंतील फरक कळतो.

उगमापासून बंधाऱ्यापर्यंत

नदी ही सर्वत्र सारखी नसते, आणि म्हणून तिच्यातील गोगलगायींचा समुदायही सर्वत्र सारखा नसतो. सह्याद्रीच्या माथ्यावर, धबधब्याच्या तुषारांनी सदैव ओल्या राहणाऱ्या कातळांवर क्रेम्नोकोंकस नावाची एक लहानगी गोगलगाय राहते. तिचे सर्व जवळचे नातलग समुद्रकाठच्या खडकांवर राहणारे असून ही मात्र गोड्या पाण्यात स्थिरावली आहे. पश्चिम घाटाबाहेर ती जगात अन्यत्र कोठेही आढळत नाही. २०१३ साली तिच्या काही नव्या जातींचे वर्णन प्रसिद्ध झाले. आपल्या डोंगरांची ही एक दुर्मीळ ठेव आहे व तिच्यापासून जनावरांस कसलाही धोका नाही.

घाट उतरून नदी पठारावर आली की खळाळ व डोह असा क्रम सुरू होतो. खळाळात पाणी वेगाने वाहते, प्राणवायू भरपूर असतो, आणि दगडांना धरून राहू शकतील अशाच जाती तेथे टिकतात. डोहाच्या वाळूमिश्रित तळाशी मेलानॉइडिस व बेलामिया राहतात. काठावरच्या पाणवनस्पतींत काही बिनझाकणाच्या गोगलगायी असतात, पण वाहत्या पाण्यात त्यांची संख्या फार वाढत नाही. अशा ठिकाणी अनेक जाती एकमेकींशेजारी नांदतात व कोणा एकीचे वर्चस्व होत नाही.

याउलट जेथे पाणी अडते, गाळ साचतो, गावाचे सांडपाणी मिसळते व जलपर्णी माजते, तेथे चित्र पालटते. पावसाळ्यानंतर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बर्गे घातले जातात. काल जे वाहते पात्र होते ते आज संथ जलाशय बनते. बंधारा हा शेतीस वरदान आहे, यात शंका नाही. परंतु संथ, कोमट व वनस्पतींनी भरलेले उथळ काठ हे लिम्निया व इंडोप्लॅनॉर्बिस यांचेही आवडते घर आहे. पाण्यातील प्राणवायू घटला की कल्लेवाल्या जाती मागे हटतात आणि हवा घेणाऱ्या जाती पुढे सरसावतात. कालव्याच्या गळतीने झालेली डबकी, पाटाच्या कडेचे दलदलीचे पट्टे, कोकणातील भातखाचरे आणि पूर्व विदर्भातील धानाच्या बांध्या यांचीही स्थिती अशीच असते.

ऋतूचा परिणाम

पावसाळ्यातील पूर नदीतील गोगलगायी वाहून नेतो व तळ धुऊन काढतो. म्हणून भर पावसाळ्यात मुख्य पात्रात त्या थोड्याच सापडतात. पूर ओसरून पाणी निवळले की उरलेल्या गोगलगायी अंडी घालू लागतात. हिवाळाभर संख्या वाढत जाते. उन्हाळ्यात पात्र आटून डबकी उरतात, तेव्हा विस्तीर्ण पात्रातील गोगलगायी थोड्याशा पाण्यात एकवटतात. त्याच वेळी गावातील सर्व जनावरेही त्याच डबक्यावर येतात, तेथेच शेण टाकतात आणि काठावर उरलेले हिरवे गवत खातात. जनावर, शेण, पाणी, गोगलगाय व गवत ही पाचही एका ठिकाणी येण्याचा हा काळ असतो, आणि कृमींना याहून अनुकूल काळ नाही.

यकृतकृमीचा प्रवास

जनावराच्या यकृतात राहणारा चपटा कृमी पानाच्या आकाराचा, एक ते तीन इंच लांबीचा असतो. तो पित्तनलिकांत राहून रोज हजारो अंडी घालतो. ही अंडी पित्ताबरोबर आतड्यात व तेथून शेणावाटे बाहेर पडतात. शेण पाण्यात पडले तर उबदार हवामानात दोन-तीन आठवड्यांत अंड्यातून डोळ्यांस न दिसणारी पोहणारी अळी निघते. या अळीस सुमारे एका दिवसाच्या आत योग्य जातीची गोगलगाय सापडली नाही, तर ती मरते. आपल्याकडील यकृतकृमीस चालणारी गोगलगाय म्हणजे लिम्निया. तिच्या शरीरात शिरल्यावर एकीच्या शेकडो होतात. नंतर शेपटीच्या अळ्या गोगलगायीतून बाहेर पडून गवताच्या पात्यांवर व पाणवनस्पतींवर चिकटतात, शेपटी टाकतात आणि स्वतःभोवती कवच करून वाट पाहत राहतात. ते गवत जनावराने खाल्ले की कवच आतड्यात विरघळते. कोवळे कृमी आतड्याची भिंत भेदून यकृतात शिरतात आणि तीन-चार महिन्यांनी स्वतः अंडी घालू लागतात.

यकृतकृमीच्या जीवनक्रमात गोगलगायीचा वाटा आहे, हे १८८१ ते १८८३ या काळात इंग्लंडमध्ये थॉमस व जर्मनीत ल्यूकार्ट या दोन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे सिद्ध केले. त्यापूर्वी शेकडो वर्षे मेंढपाळांना एवढेच ठाऊक होते की, ओल्या कुरणात चरलेल्या मेंढ्या मरतात. कारण कळले, तेव्हाच उपायाची दिशाही कळली.

इंडोप्लॅनॉर्बिस हिच्यामार्फत दोन प्रकारचे कृमी पसरतात. एक प्रकार जनावराच्या पोटात राहतो. त्याची कोवळी अवस्था लहान आतड्यात असताना वासरांना अत्यंत दुर्गंधीयुक्त हगवण लागते. हाही गवतावाटेच पोटात जातो. दुसरा प्रकार रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या कृमींचा. यांच्या अळ्या गवतावर थांबत नाहीत. जनावर पाण्यात उभे असताना त्या सरळ कातडीतून आत शिरतात. यांतील एक जात नाकातील रक्तवाहिन्यांत वस्ती करते. नाकात गाठी येतात, शेंबूड व रक्त वाहते, आणि जनावर दुरून ऐकू येईल असे घोरते. या जातीचे वर्णन १९३३ साली मद्रास इलाख्यातील पशुवैद्यक राव यांनी केले. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, या रोगाची लक्षणे गाईबैलांत ठळक दिसतात, पण म्हशीत सहसा दिसत नाहीत. निरोगी दिसणारी म्हैस पाणी पिताना नाकातील स्रावाबरोबर अंडी पाण्यात सोडीत असते.

रक्तकृमीच्या अळ्या माणसाच्या कातडीतही शिरू पाहतात. मनुष्यदेहात जनावरांचे हे कृमी वाढू शकत नाहीत, परंतु धानाच्या बांधीत काम करणाऱ्यांच्या पायांस तीव्र खाज सुटते व पुरळ उठते. माणसास खरोखर बाधणाऱ्या रक्तकृमीचे एक उदाहरणही आपल्या राज्यात घडले आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी लघवीवाटे रक्त जाण्याचा जो विकार होता, तो रक्तकृमीमुळे होत असल्याचे १९५२ साली गाडगीळ व शहा यांनी दाखवून दिले. त्या कृमीस आश्रय देणारी गोगलगाय म्हणजे फेरिसिया, नखाच्या तुकड्याएवढी, चपट्या टोपीसारखी, पाहूनही न दिसणारी. नदीतील लहानशा जीवाकडे दुर्लक्ष करू नये, हा धडा गिमवीने दिला आहे.

आपल्या पाणवठ्याची मोजणी

पाणवठ्याची स्थिती कळण्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही. बांबूच्या चार काठ्या बांधून प्रत्येक बाजू एक फूट असलेली चौकट करावी. ती काठच्या उथळ पाण्यात टाकून आतील सर्व गोगलगायी चाळणीने गोळा कराव्यात. असे दहा ठिकाणी करावे. पाण्यात उतरताना गमबूट व रबरी हातमोजे अवश्य घालावेत. झाकणाच्या व बिनझाकणाच्या वेगळ्या करून जातवार आकडे वहीत लिहावेत, आणि गोगलगायी त्याच पाण्यात परत सोडाव्यात. दुसऱ्या तळ्यात अथवा नदीत त्या कधीही नेऊ नयेत. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्याच जागी मोजणी केल्यास वर्षभरात पाणवठ्याचा स्वभाव कळतो.

नुसती एकूण संख्या पाहणे पुरेसे नाही. समजा, एका डोहात शंभर गोगलगायी मिळाल्या व त्या पाच जातींच्या, अनुक्रमे ३०, २६, २०, १४ व १० अशा आहेत. शेवटच्या दोन जाती बिनझाकणाच्या आहेत. दुसऱ्या एका डबक्यातही शंभरच मिळाल्या, परंतु त्यांत ९० लिम्निया, ६ इंडोप्लॅनॉर्बिस व ४ बेलामिया आहेत. आता डोळे मिटून एक गोगलगाय उचलावी, जात पाहून परत ठेवावी व पुन्हा एक उचलावी. दोन्ही वेळा निरनिराळी जात हाती येण्याचा योग डोहात शंभरात सुमारे ७७ वेळा येईल, डबक्यात केवळ सुमारे १८ वेळा. विविधता मोजण्याची ही रीत १९४९ साली सिंप्सन या गणितज्ञाने मांडली. डोहात धोक्याच्या वर्गातील गोगलगायी शंभरात २४ आहेत, तर डबक्यात ९६. आकडा कमी, म्हणजे एका जातीचे राज्य; आणि ते राज्य लिम्नियाचे असेल तर जनावरांना धोका अधिक.

अनेक जाती असलेल्या पाण्यात अन्न व जागा यांसाठी स्पर्धा असते, मासे व पाणकीटक गोगलगायींची अंडी व पिले खातात, आणि कोणतीही एक जात बेसुमार वाढत नाही. वेस्ट इंडिजमधील मार्टिनिक बेटावर मेलानॉइडिस पसरल्यावर तेथील रोगवाहक गोगलगायींची संख्या पुष्कळ घटल्याचे १९८० च्या दशकात आढळून आले. तथापि विविधता आहे म्हणून निर्धास्त राहणेही योग्य नाही. थोड्याशा बाधित गोगलगायीही पुरेशा असतात. मोजणी ही इशारा देणारी घंटा आहे, औषध नव्हे.

काय करावे, काय करू नये

पूर्वी गोगलगायी मारण्यासाठी पाण्यात मोरचूद टाकण्याची शिफारस होत असे. वाहत्या नदीत व गावतळ्यात हा मार्ग धरू नये. मोरचुदाने मासे मरतात, निरुपद्रवी जातीही नष्ट होतात, आणि रिकाम्या झालेल्या पाण्यात बिनझाकणाच्या गोगलगायी सर्वांच्या आधी परततात. कारण एकटी उरलेली गोगलगायही पुन्हा वस्ती करू शकते. म्हणजे रोग जातो तो थोड्या दिवसांपुरता, आणि नदीचे नुकसान मात्र मागे राहते.

त्याऐवजी पुढील उपाय सातत्याने करावेत.

१. जनावरांना नदीत अथवा डबक्यात न उतरविता काठापासून दूर हौद बांधून त्यात विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी पाजावे. यकृतकृमी गवतावाटे व रक्तकृमी कातडीवाटे येत असल्याने, पाण्यात उतरणे व काठावर चरणे ही दोन्ही टाळली पाहिजेत.

२. उन्हाळ्यात डबक्याकाठचे हिरवे गवत पाहून मोह होतो. तेच सर्वांत धोक्याचे असते. असे गवत कापावयाचेच असेल, तर ते कडक उन्हात पूर्ण वाळवून मगच घालावे. भाताच्या पेंढ्याचा पाण्यात बुडालेला बुडखा जनावरास ताजा घालू नये.

३. शेण पाणवठ्यापासून दूर ठेवावे व खड्ड्यात नीट कुजवावे. कुजताना होणाऱ्या उष्णतेने कृमींची अंडी मरतात आणि खतही उत्तम होते.

४. पाटाची गळती बंद करावी, निरुपयोगी डबकी बुजवावीत, काठची जलपर्णी काढून टाकावी. बदके पाळणे शक्य असेल तेथे ती खाचरांत सोडावीत. ती गोगलगायी आवडीने खातात.

५. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर जनावरांचे शेण पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्यावे व पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच कृमिनाशक द्यावे. प्रत्येक औषध प्रत्येक कृमीवर चालत नाही. काही औषधे कोवळ्या कृमींवर निष्प्रभ असतात, आणि काहींनंतर ठरावीक दिवस दूध वापरावयाचे नसते. कृमी कोवळे असताना शेणात अंडी दिसत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. लक्षणे असून तपासणीत काही न निघाल्यास पुन्हा तपासणी करावी.

६. औषधोपचार एका घराने करून भागत नाही. एका पाणवठ्यावर येणाऱ्या सर्व जनावरांना, वरून धडधाकट दिसणाऱ्या म्हशींसह, एकाच वेळी औषध दिले तरच पाण्यात जाणारी अंडी थांबतात.

शेवटचा उपाय गावाच्या एकोप्याचा आहे. पाणवठा कोणा एकाचा नसतो. वरच्या गावाचे सांडपाणी खालच्या गावाच्या बंधाऱ्यात येते, एकाच्या बाधित म्हशीचे शेण दुसऱ्याच्या वासरास भोवते. ग्रामसभेत या विषयाची चर्चा व्हावी, हौदाची जागा ठरावी, आणि शाळेतील विज्ञानशिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली मोजणीची वही ठेवली जावी.

शेतकरी बंधुभगिनींनो, नदीतील सर्वच गोगलगायी शत्रू नव्हेत. वाहत्या, स्वच्छ पाण्यात नांदणाऱ्या अनेक जाती शेवाळ खातात, कुजलेला पाला संपवितात आणि स्वतः माशांचे व पक्ष्यांचे अन्न बनतात. नदी बिघडली की त्या मुकाट्याने नाहीशा होतात आणि त्यांच्या जागी गोठ्याचा रोग वाहणाऱ्या येतात. म्हणून पुढच्या खेपेस पाणवठ्यावर गेल्यावर एक गोगलगाय चाळणीने उचलावी व तिला झाकण आहे की नाही, एवढे तरी अवश्य पाहावे. नदीची प्रकृती कशी आहे, हे ती सांगेल. आणि कदाचित गोठ्यातील गाय का खंगते, हेही.